एक इंच आत

रविवार, ११ जानेवारी

ताई,

पिशवीत सगळ्यात वर राखाडी पँट आहे, तिच्या उजव्या खिशात ही चिठ्ठी. खिसा तपासल्याशिवाय तू कुठलाच कपडा शिलाई मशीनखाली घालत नाहीस, त्यामुळे सापडेल याची खात्री आहे. फोनवर मी विषय काढला की तुझ्या दारावर कुणीतरी येतं, नाहीतर दूध उतू जातं. दोन माणसांच्या घरात एवढं दूध येतं कुठून, ते एकदा सांग. म्हणून आता लिहूनच बोलणार आहे.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात काय सांगितलं ते तू भावजींकडून अर्धंच ऐकलंस, पूर्ण ऐक. रक्तगट जुळतो, बाकीचं सगळं जुळतं, माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. भावजींचं जुळलं नाही म्हणून त्यांनी तोंड पाडून बसायचं काही कारण नाही, मी आहे ना. अडचण एकच, आणि ती तू मला लहानपणापासून बघते आहेस. बाई म्हणाल्या, "एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही, तुमच्याच जिवाला धोका आहे. बारा किलो उतरवा, एप्रिलमध्ये या, मग तारीख ठरवू." म्हणजे तुझं डायलिसिस सुटणं माझ्या पोटावर अवलंबून आहे. हसू नकोस. हसलीस ना?

महिन्यात चार किलो गेले. उकडलेलं, भाजलेलं, पानं, पुन्हा उकडलेलं. दुकानात चार वाजता मालक बिस्किटांचा पुडा फोडतात तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन चष्म्यांच्या फ्रेमा पुसते.

आता कपड्यांचं. बारा किलो उतरवायचे म्हणजे वाटेत तीन-चार मापं येणार, आणि दर मापाला नवे कपडे घ्यायला मी काही नटी नाही. ऑपरेशननंतर दोन महिने बिनपगारी घरी बसायचं आहे, त्यासाठी बाजूला टाकते आहे. म्हणून मी ठरवलंय, मधल्या मापांसाठी एक पैसाही खर्च करायचा नाही. दोन पँटी, तीन शर्ट, तो बांधायचा स्कर्ट आणि कोट, एवढ्यावर भागवायचं. ढिलं झालं की बसच्या पार्सलने तुझ्याकडे, तू आत घेतलंस की परत माझ्याकडे. एक पिशवी जाईल तेव्हा दुसरी येईल. तुझा नियम आहेच, शिवणीच्या आतलं जादा कापड कधी कापायचं नाही, माणसाचं अंग काय आज आहे तर उद्या नाही. त्यामुळे पुन्हा फुगले तरी कपडे वाया जाणार नाहीत. पण मी फुगणार नाही.

राखाडी पँट कमरेत गोल फिरते, ती आधी घे.

तुझी धाकटी

रविवार, ८ फेब्रुवारी

ताई,

तू येऊन गेलीस तेव्हा घर कसं भरल्यासारखं वाटलं. फक्त वजनकाटा घेऊन गेलीस त्याचा अजून राग आहे. सकाळी उठून सवयीने न्हाणीघरात जाते, पाय उचलते आणि फरशीवर उभी राहते. म्हणे, "रोज चढतेस आणि रोज रडतेस. काटा मी नेते, तुझं वजन मी कपड्यांवरून सांगेन." बरोबर आहे म्हणा. पाव किलो इकडचं तिकडे झालं की माझा दिवस नासायचा, आणि नासलेल्या दिवशी मी जास्तच खायची. तुला माझं हे सगळं ठाऊक, म्हणून तर तुझं ऐकते.

आणि तुझी युक्ती लागू पडली! काळी पँट आली, वर टाचणीने लावलेला तुझा कागद: एक इंच आत घेतली. मी श्वास रोखून घातली, म्हटलं आता बटण लागायचं नाही. लागलं की! अगदी आरामात लागलं, वर दोन बोटं जातील एवढी जागा. एक इंच आत घेऊनही सैल! मी दुकानात दिवसभर हसत होते. एका आजोबांना जांभळी फ्रेम विकली, त्यांनाही कळलं नाही का घेतली ते.

राखाडी पुन्हा पाठवते आहे. पांढरा शर्टही पाठवते, बगलेखाली पोतं लोंबल्यासारखं होतं.

रक्ततपासणीत तुझं क्रिएटिनिन किती आलं ते लिही. "ठीक आहे" असं लिहू नकोस, आकडा लिही.

तुझी धाकटी

रविवार, १५ मार्च

ताई,

राखाडी आली. आणखी एक इंच! मला वाटलं आता तरी पोट अडेल, पण नाही. तू शिवतेस की जादू करतेस?

आता मी या विषयातली पंडित झाले आहे. बाहेर पाटी लावावी म्हणते. ऐक, कमी पैशांत बारीक होणाऱ्या बाईने काय करावं: पँटी गडद एकाच छटेतल्या, म्हणजे एक शिवायला गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. बांधायचा स्कर्ट हा देवमाणूस आहे, नाडी ओढली की सगळ्या मापांना बसतो. शर्टाला फक्त कडेने हात लावायचा, खांदे सगळ्यात शेवटी, कारण तेच अवघड काम. गळा ढिला झाला की वर रुमाल बांधायचा, लोकांना वाटतं हौस आहे. कोट उघडा ठेवायचा, म्हणजे तो कुणाच्या मापाचा आहे हा प्रश्नच येत नाही.

आणि मोठे कपडे मी देऊन टाकले. सगळे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेची आई माझ्या जुन्या मापाची आहे, तिला दोन पँटी, चार शर्ट आणि तो हिरवा झगा दिला. तू म्हणाली असतीस थांब. पण मला परतीची वाटच ठेवायची नव्हती. आता फुगले तर घालायला काही नाही, मुकाट्याने बारीकच राहायचं.

मालक मात्र माझा हिरमोड करतात. काल म्हणाले, "तुम्ही होता तशाच दिसता हो मला." चष्म्याचं दुकान चालवतात आणि समोरची बाई दिसत नाही! मी म्हटलं, "साहेब, नंबर तपासून घ्या." तसे दुकानात बावीस आरसे आहेत, पण सगळे चेहऱ्यापुरते. मानेखाली मी कशी दिसते हे सांगायला तुझी पँटच आहे फक्त.

आणि हो, कबूल करते. दर इंचाला मी स्वतःला बक्षीस देते. रविवारी केकचा एक तुकडा, कधी दोन. पुढेच आहे तर थोडं चालतं, नाही का?

भावजी परवा फोनवर असं विचित्र का बोलले? "तू फार मनाला लावून घेऊ नकोस हं," म्हणाले. कशाचं ते सांगेनात. त्यांना म्हणावं, माझी काळजी सोडा आणि तुमच्या बायकोला डब्यात मीठ कमी घाला.

तुझी धाकटी

रविवार, १९ एप्रिल

ताई,

परवा हॉस्पिटल! राखाडी पँट कालच आली, कागदावर तुझं अक्षर: दीड इंच. मी ते दोनदा वाचलं. साडेतीन इंच झाले सगळे मिळून! ताई, मी घातली आणि ती अक्षरशः खाली घसरायला लागली. कमरपट्ट्याला नवीन भोक पाडायला चपलावाल्याकडे जाणार होते, मग म्हटलं नको, बाईंना दिसू दे कशी घसरते ती.

तारीख मिळाली की तुलाच पहिला फोन. दूध आधी उतरवून ठेव.

तुझी (अर्धी उरलेली) धाकटी

गुरुवार, २३ एप्रिल

ताई,

फोन केला नाही, कारण काय बोलायचं तेच कळत नव्हतं.

मी काट्यावर चढले. नर्सने आकडा मोठ्याने वाचला. मी म्हटलं, "पुन्हा बघा." तिने पुन्हा बघितला. मी चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्लीचं वजन किती असतं, ताई? पाच किलो. चार महिन्यांत पाच. त्यातले चार तर जानेवारीतलेच, काटा तू नेलास त्याच्या आधीचे.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. पँट दाखवली त्यांना. त्यांच्यासमोर उभी राहून कमरेला हात लावून दाखवत होते, बघा, साडेतीन इंच! लहान मुलगी चित्र दाखवते तशी.  बाई फाइल बंद करून म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये या. पण तुमच्या बहिणीकडे फार वेळ नाही, हे लक्षात ठेवा."

वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून मी खूप रडले. केकचे तुकडे आठवत होते एकेक. वाटलं, माझ्या जिभेपायी मी तुला चार महिने मागे नेलं. मला माफ कर. काय बिनसलं ते समजत नाही, पण मी दुप्पट करेन. तू फक्त धीर धर.

धाकटी

रविवार, २६ एप्रिल

मागचे खिसे.

पँट धुवायला काढली तेव्हा दिसलं. साडेतीन इंच आत घेतली असती तर मागचे दोन खिसे एकमेकांना टेकायला आले असते. ते जिथे होते तिथेच आहेत. हे मला कळायला शिवणकाम यावं लागत नाही. फक्त बघावं लागतं, आणि मी बघितलंच नव्हतं. ताईने शिवलेलं कोण उलटून बघतं?

मग उलटी केली. दुकानातलं भिंग घरी आणलं, फ्रेमच्या दांडीवरचे बारीक नंबर वाचायचं. मधली शिवण एकाच रेषेवर तीनदा उसवून तीनदा घातली आहेस. सुईची भोकं एकावर एक आहेत, जुन्या दोऱ्याचा एक तुकडा अजून अडकलेला आहे. एक इंचही आत नाही. आणि शेवटच्या वेळी, तुझा तो दीड इंच, तेव्हा तर तू बाहेर सोडलीस. शिवणीच्या कडेने बोटभर पट्टी आहे, बाकीच्या कापडाहून गडद, वर्षानुवर्षं आत दडलेली, उजेड न बघितलेली. ती आता बाहेर आहे.

काळी पँट बघितली. शर्ट बघितले. सगळीकडे तेच.

मला उत्तर नको आहे.

रविवार, ३ मे

काल भावजी येऊन गेले. तू पाठवलं नव्हतंस, ते स्वतःहून आले असं म्हणाले. दारात उभे राहून टोपी हातात फिरवत होते. मी बसा म्हटलं नाही, शेवटी तेच बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. जानेवारीत मी चार किलो उतरवले तेव्हा तू घाबरलीस. तोवर तुला वाटत होतं, ही काय वजन उतरवणार, वर्षं काढेल, तोपर्यंत विषय आपोआप बारगळेल. तुझ्या मते हेच माझं वजन, नाही का? मग काटा नेलास. मग कागद लिहायला लागलीस. भावजींनी तुला दोनदा सांगितलं की हे बरं नाही, आणि तू म्हणालीस, "माझ्यासाठी तिला कापू देणार नाही मी. माझ्यामागे तुम्ही तरी आहात. तिला उद्या काही झालं तर पेला उचलून द्यायला घरात माणूस नाही. आईने जाताना तिचा हात माझ्या हातात दिला होता."

ठीक आहे. मग नाही म्हणायचंस.

नाही म्हणायला काय लागतं, ताई? तोंडावर म्हणायचंस, धाकटे, मला तुझी किडनी नको. मी भांडले असते, आदळआपट केली असती, आठ दिवस बोलले नसते. पण ते भांडण झालं असतं, आपलं नेहमीचं. तू तर मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खाली उभी राहिलीस. मला खूश ठेवलंस आणि हरवलंस. मी जिना चढत होते, भुकेल्या पोटी निजत होते, दुकानात बिस्किटांच्या वासाने डोळे मिटून घेत होते, आणि तू इकडे दोरा ओवून बसली होतीस. दर वेळी नवीन उसवायची, नवीन घालायची, हातात जोर नसताना. एवढी मेहनत खोटं बोलायला!

आणि तो कागद. टाचणी लावून, अक्षर नीट काढून, एक इंच आत. ते कागद मी आरशाला लावून ठेवले होते. सकाळी दात घासताना वाचायचे. गेल्या रविवारपर्यंत.

माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, तूही दिवसभर लोकांना खोटं सांगतेस, हा चष्मा तुम्हाला शोभतो म्हणून. सांगते. फ्रेमबद्दल सांगते. नंबरबद्दल मी आजपर्यंत कुणाला खोटं बोललेले नाही. चुकीचा नंबर दिला तर माणूस पायरीवरून पडतो. तू मला चुकीचा नंबर दिलास, ताई. मी डॉक्टरीणबाईंसमोर कंबर दाखवत उभी होते! त्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी मेले तरी विसरणार नाही. त्यांना वाटलं असेल, ही बाई कपडे ढिले करून आम्हाला फसवायला आली.

आणि पाच दिवस मी स्वतःला खात होते. केकचा तुकडा तुझ्या जिवावर उठला असं वाटून. मी तुझी माफी मागितली! ती चिठ्ठी तू वाचलीस आणि तरी गप्प बसलीस. बाकीचं सगळं एकवेळ समजून घेईन. हे नाही.

तुझं म्हणणं, मला काही झालं तर माझ्यामागे कोण. अगं, मग तू गेलीस तर माझ्यामागे कोण? हे तुझ्या हिशेबात कुठे बसतं? मला सुरक्षित ठेवून एकटी टाकायला निघाली होतीस. आईने माझा हात तुझ्या हातात दिला तेव्हा मी सात वर्षांची होते. आता सेहेचाळीसची आहे. आता तो माझा हात आहे.

पिशवी परत पाठवू नकोस. कपडे मी तुझ्याकडे पाठवणार नाही.

रविवार, २४ मे

उत्तर नको म्हटलं तर खरंच देत नाहीस. बरं.

हे पत्र तुला फक्त एवढं सांगायला आहे, की मी थांबलेले नाही. पार्सल कचेरीतला माणूस ओळखीचा झाला आहे ना, आपल्या पिशव्या चढवून. त्याच्याकडे खोकी तोलायचा लोखंडी काटा आहे. दर सोमवारी दुकानात जाताना मी त्यावर उभी राहते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बाई, कुठे पाठवायचंय?" मी म्हटलं, "बहिणीकडे. पण अजून वजनात बसत नाही." तो हसला. आता तो आकडा बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असा हळू सांगतो. खाडाखोड नाही, कागद नाही, टाचणी नाही. जेवढं आहे तेवढं सांगतो. मला त्याच्यासमोर रडूही येत नाही, बघ.

आणि कपडे मी कुठेच देत नाही. तुझ्याकडे नाही आणि दुसऱ्या शिंप्याकडेही नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दोनदा विचारलं, मी नको म्हटलं. मला आत घेतलेलं काहीच नको आहे. ढिलं होईल तर माझ्या डोळ्यांसमोर ढिलं होऊ दे. राखाडी पँट तू सोडलीस तशीच घालते, गडद पट्टीसकट. मालकांनी विचारलं ही रेघ कसली, मी म्हटलं फॅशन आहे.

रविवार, १२ जुलै

कमरपट्ट्याला चौथं भोक पाडलं. चपलावाला म्हणाला, आता भोकं कमी आणि पट्टा जास्त कापायची वेळ आली. मी म्हटलं थांब अजून.

दुकानात मी विदूषक दिसते. पँटीचं कापड पुढे गोळा होतं, वर पट्टा, दोन्ही कडांना सेफ्टी पिना, त्यावर उघडा कोट. एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीने विचारलं, "काकू, ही पँट कुणाची?" मालकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "बाई, एक पँट मी घेऊन देतो, पगारातून कापत नाही. गिऱ्हाईक बघतं हो." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही बारीक झालात हे आता मलाही दिसतंय." मला हसू आलं आणि एकदम तुझी आठवण आली, म्हणून आणखी राग आला.

भावजींचा फोन येतो. तू विचारायला लावत नाहीस असं सांगतात, आणि मग तू काय खाल्लंस, किती झोपलीस हे मी न विचारता सांगतात. दोघांनी ठरवून खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. काल म्हणाले, डायलिसिस आठवड्याला तीनदा होतं ते आता चारदा करायला सांगितलं आहे, आणि शिलाई मशीनवर तू अर्ध्या तासाच्या वर बसू शकत नाहीस. पाय सुजतात.

हे ऐकल्यावर मी पायी घरी गेले, बस सोडून. रागाने चालते आहे की भीतीने, मला सांगता येणार नाही. दोन्हीने वजन उतरतं.

तू एक ओळ लिहिली असतीस तर. "चुकलं" एवढंच. तुला लिहिता येत नाही असं तर नाही. अक्षर किती छान आहे, मी बघितलंय, एक इंच आत.

गुरुवार, २० ऑगस्ट

ताई,

बघ, पुन्हा ताई लिहिलं. हाताने लिहिलं, मी नाही.

आज हॉस्पिटलात गेले होते. नर्सने आकडा वाचला. मी पुन्हा बघा म्हटलं नाही, मला आधीच ठाऊक होता, सोमवारचाच होता. तेरा किलो. बारा मागितले होते. एक वरचा माझा, हट्टाचा.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कंबरेकडे बघितलं. पट्टा, पिना, गोळा झालेलं कापड. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "आता कंबर दाखवायची गरज नाही, हं." बुधवार, नऊ सप्टेंबर. सकाळी सातला भरती व्हायचं.

पण त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते तुला ठाऊक असणारच. तुझी सही लागते. घेणाऱ्यानेही हो म्हणावं लागतं. म्हणजे शेवटी तुझ्याच हातात आहे. चार महिने लपूनछपून जे करत होतीस ते आता उघड करता येईल, एका सहीने. किंवा न केलेल्या सहीने.

म्हणून ही पिशवी. आत फक्त राखाडी पँट आहे, पट्टा आणि पिना काढून. नऊ तारखेला मी दुसरं काही घालून येणार नाही, माझ्याकडे दुसरं काही नाहीच, सगळं असंच आहे. तेव्हा काय ते ठरव. नको असेल तर पँट तशीच परत पाठव, घसरणारी. मी ती हाताने धरून तुझ्या दारात येईन आणि तू मला तोंडावर नाही म्हण. एवढं तरी माझं देणं लागतेस. मी ऐकेन. ऐकून मान्य करेन असं नाही, पण ऐकेन.

हो असेल तर आत घे. या वेळी खरंच घे. मापाची पट्टी सोबत ठेवली आहे, कंबरेला गाठ मारून, माझी आजची कंबर. कागद लावू नकोस. तुझ्या कागदावर माझा विश्वास नाही.

चिठ्ठी उजव्या खिशातच आहे.

धाकटी

रविवार, ३० ऑगस्ट

ताई,

पिशवी आली. कागद नाही. टाचणी नाही. खिशात काही नाही, मी दोन्ही खिसे बघितले.

पँट घातली. बटण लागलं. एक बोट जातं, दुसरं जात नाही. पट्टा नको, पीन नको. वाकले, बसले, जिना चढून उतरले, कुठे ओढत नाही. मागचे दोन खिसे इतके जवळ आलेत की मधे बोटही मावत नाही. ती गडद पट्टी गेली, पुन्हा आत गेली.

तेवढ्यावर थांबावं असं वाटलं होतं. आधीच्या धाकटीने थांबलंच असतं, हसत दुकानात गेली असती. पण मी काढली, उलटी केली आणि भिंग घेऊन खिडकीशी बसले. हे तू मला शिकवलंस. तुझ्या हातचं काही मी आता उलटून बघितल्याशिवाय घालू शकणार नाही, आणि याचं मला किती वाईट वाटतं ते तुला समजणार नाही. आपल्यात हे कधी नव्हतं.

टीप वाकडी आहे. तुझी टीप वाकडी, ताई! तीन ठिकाणी थांबून पुन्हा धरली आहेस, दोरा जाड झाला आहे तिथे. अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही म्हणाले होते भावजी, म्हणजे चार-पाच बैठका लागल्या असतील.

आणि आत कापड नाही. मी आधी शोधत राहिले, दुमडून कुठे शिवलं असेल म्हणून. मग कड दिसली. कात्रीने कापलेली, सरळ, जेमतेम टिपेपुरतं सोडून. सगळं जादा कापड तू कापून टाकलंस. तू! आईच्या कोटाचं कापड अजून ट्रंकेत ठेवणारी, गिऱ्हाइकांशी भांडून आतलं कापड राखणारी. मी हात फिरवत राहिले त्या कडेवरून. ही पँट आता कुणालाही कधीच बाहेर सोडता येणार नाही, तुलाही नाही.

उलटून बघितलं नसतं तर मला हे कळलंच नसतं.

माफ केलं असं समजू नकोस. त्या पाच दिवसांचं, मी तुझी माफी मागितली आणि तू गप्प राहिलीस त्याचं, मला तुझ्याशी भांडायचं आहे. नीट, समोर बसून, दोघी धडधाकट असताना. त्यासाठी तुला बरं व्हावं लागेल आणि मलाही. हॉस्पिटलात नाही, तिथे दोघींनाही टाके असतील.

नऊ तारखेला सकाळी सातला दाराशी उभी राहा, भावजींचा हात धरून. मी ही पँट घालून येते. आणि बरी झाल्यावर मला खाऊ घालून पुन्हा फुगवायचा बेत असेल, तर सोडून दे. आत कापड उरलेलं नाही.

धाकटी